माती बोलत नाही

बारोलोची वाइन म्हणजे बारोलोच्या मातीचा आवाज, हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने लिहिले गेले आहे की त्याचा अर्थ तपासण्याची तसदी आता कोणी घेत नाही. इटलीच्या पिडमाँट प्रांतात लांगेच्या टेकड्यांवर वसलेले हे जेमतेम सातशे वस्तीचे गाव. नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षाची त्याची लाल वाइन जगभर गेली आणि तिच्या पाठोपाठ हे वाक्यही. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे संशयाने पाहावे, कारण आपल्या परीक्षणांतली 'अस्सल मातीतली कविता' ही त्याचीच सख्खी बहीण आहे.

मातीला आवाज असेल, तर तो ऐकणाऱ्यांत निदान थोडे एकमत हवे. प्रत्यक्षात काय झाले? १९८३ मध्ये एलिओ आल्तारे या तरुणाने वडिलांची जुनी, मोठी पिंपे यांत्रिक करवतीने कापून टाकली आणि त्या जागी फ्रेंच ओकची २२५ लिटरची छोटी पिंपे आणली. वडिलांनी त्याला वारशातून वगळले. रस सालींसह कित्येक आठवडे ठेवायचा की थोडेच दिवस, यावरून गावोगाव तट पडले. विरुद्ध तटाचे बार्तोलो मास्कारेल्लो यांनी १९९९ मध्ये स्वहस्ते चितारलेल्या लेबलावर 'नो बार्रिक, नो बर्लुस्कोनी' अशी घोषणाच लिहिली (बार्रिक म्हणजे तीच छोटी पिंपे). शपथ मात्र दोघेही मातीचीच घेत. नव्यांच्या मते कळकट पिंपांनी तिचा स्वर दडपला होता, जुन्यांच्या मते नव्या लाकडाच्या व्हॅनिलाने.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. परंपरेचे मूर्तिमंत रूप मानल्या गेलेल्या मास्कारेल्लो यांची बारोलो एका मळ्याची नव्हतीच. ती चार मळ्यांचे मिश्रण होती, आणि त्यांतला एक तर शेजारच्या ला मोर्रा गावच्या हद्दीतला. एकाच मळ्याची वाइन त्या मळ्याच्या नावाने बाटलीत भरण्याची चाल इथे रुजू लागली ती १९६१ पासून. म्हणजे ज्याला आपण आदिम मातीनिष्ठा समजतो, ती वयाने आपल्या नवकवितेहूनही लहान! पुढे कानुबी या नामांकित टेकडीचे नाव नेमक्या कोणत्या उतारांना लावायचे हा वाद कोर्टात गेला. २०१२ मध्ये निकाल एका बाजूने लागला, २०१३ मध्ये वरच्या न्यायपीठाने तो फिरवला. टेकडी तीच, माती तीच. बदलला तो शब्दाचा परीघ, आणि तोही न्यायमूर्तींच्या सहीने.

मातीचा परिणाम नाही, असे मी म्हणत नाही. सेरालुंगाच्या उतारांवरची वाइन ला मोर्राच्या वाइनपेक्षा सहसा अधिक करडी असते, हे नाकारण्यात शहाणपण नाही. पण परिणाम वेगळा आणि आवाज वेगळा. परिणामाची कारणे शोधता येतात, चुकलेले दाखवता येते. आवाजापुढे फक्त मान लववायची असते.

आणि मान लववताना ज्यांच्याकडे पाठ होते, ती माणसे कोण? बेप्पे फेनोलिओ हा आल्बाचा लेखक. त्याच्या 'ला मालोरा' (१९५४) या लघुकादंबरीत लांगेतल्याच एका कर्जबाजारी घरातला मुलगा परक्याच्या शेतावर सालदार म्हणून धाडला जातो. त्या शेताला कसलाही सुगंध नाही, तिथे भूक आहे. नूतो रेवेल्ली यांनी टेपरेकॉर्डर घेऊन कुनेओ परिसरातल्या शेतकऱ्यांच्या कहाण्या नोंदवल्या आणि १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या. पराभूतांचे जग असे त्या पुस्तकाचे नाव, आणि त्यात लांगेचा स्वतंत्र भाग आहे. पुढे २०१४ मध्ये युनेस्कोने या टेकड्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यानंतर दहाच वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, आल्बाच्या आसपासच्या मळ्यांत राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांच्या शोषणाच्या आणि मारहाणीच्या आरोपांवरून पोलिसांनी अटका केल्या.

बारोलोच्या लेबलावर गाव असते, वर्ष असते, उत्पादकाचे नाव असते, अलीकडे मळ्याचेही असते. हिवाळ्यात त्या मळ्याची छाटणी कोणी केली हे नसते, आणि वाइनच्या परीक्षणातही मी ते कधी वाचलेले नाही.