धावपट्टी मोकळी आहे काय?

पहिल्या पानावर अग्रलेख लिहिण्याचा प्रसंग नित्य येत नाही. राज्य उलथले, युद्ध पेटले, एखादा थोर पुरुष निवर्तला अथवा एखादी भीषण दुर्घटना घडली म्हणजे संपादक आपली आतली जागा सोडून पुढे येतो. आज यांपैकी काहीही घडलेले नाही. तरीही आम्ही ही जागा घेतली आहे. कारण दुर्घटनेनंतर शोक करणारा अग्रलेख लिहिणे फार सोपे असते आणि त्याचा उपयोगही फार थोडा असतो. तो लिहिण्याची पाळी आम्हांवर येऊ नये, एवढ्याच हेतूने आम्ही हे चार शब्द आगाऊ लिहीत आहोत.

विषय वरकरणी अगदी तांत्रिक आहे. विमान उतरल्यावर त्याने धावपट्टी किती लवकर सोडावी, आणि ती सोडण्याबाबत वैमानिक व मनोऱ्यातील नियंत्रक यांनी परस्परांशी कसे बोलावे, एवढाच तो प्रश्न. हा प्रश्न विमानविद्येच्या जाणकारांनी सोडवावा, सामान्य नागरिकास त्याचे काय, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जरा हिशेब करून पाहावा. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींस छेदून जातात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि व्यवहारात सारा भार एकाच पट्टीवर पडतो. अशा ठिकाणी गर्दीच्या एका तासात ४६ विमाने चढउतार करीत, असा काही वर्षे परिपाठ होता. तासाचे सेकंद ३६००. याचा अर्थ प्रत्येक विमानाच्या वाट्यास सरासरी ७८ सेकंद आले. ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात येथे १०३२ उड्डाणे व अवतरणे झाली. या आकड्याचा गौरव झाला, आणि त्यामागील कौशल्य पाहता तो अस्थानी नव्हता. पण गौरवाच्या घोषात त्या ७८ सेकंदांत काय काय घडावे लागते, याचा विचार मात्र फार थोड्यांनी केला.

उतरू पाहणारे जेट विमान सेकंदास सुमारे ७० मीटर या वेगाने जमिनीकडे येत असते. पट्टीवर टेकलेल्या विमानास वेग आवरून बाहेरच्या वाटेला लागण्यास साधारणतः पाऊण ते एक मिनिट लागते. तेवढ्या अवधीत मागचे विमान तीन-चार किलोमीटर पुढे आलेले असते. पुढच्या विमानाने दहा सेकंद अधिक घेतले, तर मागच्याच्या पुढ्यातील मोकळी जागा ७०० मीटरने कमी होते. शिवाय ‘पट्टी सोडली’ या शब्दांचा अर्थ विमानाचे नाक बाहेर वळले असा नव्हे. त्याचे शेपूट थांबरेषेच्या पलीकडे गेले, असा आहे. हा क्षण चुकला तर नियंत्रकापुढे एकच निर्धोक मार्ग उरतो. मागच्या वैमानिकास ‘गो अराउंड’ म्हणून न उतरता पुन्हा वर जाण्यास सांगणे. हे सर्व ज्या माध्यमातून चालते, ते तर फारच नाजूक आहे. एका लहरीवर अनेक वैमानिक व एक नियंत्रक. बोलावयाचे ते पाळीपाळीने. दोघे एकदम बोलले तर ऐकणाऱ्याच्या कानी शब्द न येता नुसती किंकाळीसारखी शीळ येते.

ही शीळ किती महाग पडू शकते, हे जगाने २७ मार्च १९७७ रोजी पाहिले. कॅनरी बेटांतील एका विमानतळावर बॉम्ब फुटल्याने अनेक विमाने टेनेरिफच्या लहानशा लॉस रोडेओस विमानतळाकडे वळविली गेली. तेथे दाट धुके उतरले. के. एल. एम. कंपनीचे जंबो विमान पट्टीच्या एका टोकास उड्डाणाच्या तयारीत उभे होते. पॅन अमेरिकनचे दुसरे जंबो त्याच पट्टीवरून चालत बाहेरची वाट शोधीत होते. डच वैमानिकाने आपण आता उड्डाणाच्या ठिकाणी आहोत, अशा अर्थाचे संदिग्ध शब्द उच्चारले. नियंत्रकाने प्रथम ‘ओके’ म्हटले आणि मग थांबण्यास सांगितले. नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन वैमानिक आपण अद्याप पट्टीवरच आहोत, असे सांगू लागला. दोन आवाज एकमेकांवर आदळले, आणि डच विमानात स्पष्ट ऐकू आला तो एक ‘ओके’ तेवढा. विमान धावू लागले होते. त्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने पुढील संभाषण ऐकून, ते दुसरे विमान पट्टीवरून गेलेले नाही काय, अशी शंका बोलून दाखविली. कप्तानाने ती ठामपणे झिडकारली. काही सेकंदांनी ५८३ माणसे मरण पावली. विमानवाहतुकीच्या इतिहासात याहून मोठा अपघात झालेला नाही. यंत्रे दोन्ही ठीक होती. बिघडला तो संवाद.

या अपघातापासून जगाने धडा घेतला, हे मान्य केले पाहिजे. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना अथवा ती रद्द करताना तेवढा उच्चारावा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा नियम झाला. पट्टीवर जाणे, ती ओलांडणे, तिच्या अलीकडे थांबणे, उतरणे वा उडणे यांविषयीची प्रत्येक सूचना वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखविली पाहिजे, हा दंडक दृढ झाला. कप्तानाच्या चुकीवर कनिष्ठाने बोट ठेवावे, असे शिक्षण देण्यात येऊ लागले. तरीही ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात वाट चुकलेले एक छोटे विमान उड्डाण करणाऱ्या प्रवासी विमानापुढे आले आणि ११८ जण प्राणांस मुकले. जमिनीवरील विमाने दाखविणारे रडार तेथे त्या दिवशी कार्यरतच नव्हते. आणि २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर, शिस्तीबद्दल ज्यांचे दाखले दिले जातात त्या जपान्यांच्या देशात, भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणारे तटरक्षक दलाचे विमान सुमारे ४० सेकंद पट्टीवर उभे राहिले आणि उतरणारे प्रवासी विमान त्यावर आदळले. प्रवासी विमानातील ३७९ जण आश्चर्यकारकरीत्या वाचले. तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण गेले. त्यांना सांगण्यात आले होते ते एवढेच, की उड्डाणाच्या क्रमात तुमचा पहिला क्रमांक असून थांब्यापर्यंत यावे. ‘पहिला क्रमांक’ या निरुपद्रवी शब्दांतून पट्टीवर जाण्याची परवानगी मिळाल्याचा समज झाला. घाईत असलेल्या माणसाला आपल्याला हवे तेच ऐकू येते, हा मनुष्यस्वभाव आहे. तो जपानी किंवा डच नव्हे.

तेव्हा तो भारतीयही असणार, हे उघड आहे. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्यात उड्डाणाच्या भरधाव वेगात असलेल्या वैमानिकास पट्टीवर एक जीप व माणूस दिसला. त्याने वेळेआधीच विमान उचलले, शेपूट जमिनीस घासले, पण अनर्थ टळला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत नुकतेच उतरलेले एक विमान शेजारची पट्टी ओलांडीत असता त्याच पट्टीवर दुसऱ्यास उड्डाणाची परवानगी दिली गेली. उतरलेल्या विमानाच्या महिला कप्तानाने प्रसंगावधान राखून मनोऱ्यास सावध केले, म्हणून दुसरे विमान थांबविले गेले. आणि ८ जून २०२४ रोजी खुद्द मुंबईत एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच त्याच्या पाठोपाठ दुसरे त्याच पट्टीवर टेकले. ही दृश्ये देशाने चित्रफितीवर पाहिली, चार दिवस चर्चा केली आणि पाचव्या दिवशी तो विसरला. आम्हांस चिंता वाटते ती या विसरण्याची.

पट्टी त्वरित मोकळी व्हावी, याबद्दल दुमत नाही. रेंगाळणारे विमान मागच्यास धोका निर्माण करते, हे खरेच आहे. परंतु त्वरा आणि घाई या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्वरेला पूर्वतयारी असते. घाई ऐनवेळी सुचते. आपण कोणत्या वाटेने बाहेर पडणार, हे वैमानिकास उतरण्यापूर्वीच ठाऊक असेल, तर तो त्या बेताने टेकतो, त्या बेताने ब्रेक लावतो आणि न अडखळता बाहेर पडतो. मोठ्या विमानतळांवर पट्टीपासून तिरकस फुटणाऱ्या जलद वाटा असतात. ओल्या पट्टीवरूनही त्यांत ताशी नव्वद किलोमीटरच्या सुमाराने शिरता यावे, अशी त्यांची रचना असते. याउलट ब्रेकवर पाय रोवलेला असताना ‘लवकर सोडा, मागे विमान आहे’ असे कानी पडले, तर वैमानिकापुढे दोन पर्याय राहतात: भिजल्या पट्टीवर अधिक वेगाने वळण घेणे, किंवा ते न जमून पुढच्या वाटेपर्यंत जाणे. मुंबईच्या पावसात पहिल्या पर्यायाचा अर्थ काय होऊ शकतो, हे सांगावयास नको. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात उतरलेले एक विमान मुख्य पट्टीच्या टोकापलीकडे गेले; सुदैवाने प्राणहानी झाली नाही, पण ती पट्टी कित्येक दिवस बंद पडली आणि शेकडो उड्डाणे कोलमडली. काही सेकंद वाचविण्यासाठी पणास काय लागते, याचा हा अंदाज.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. पहिली अशी की, पट्टी सोडण्याची अपेक्षित वाट नियंत्रकाने विमान टेकण्यापूर्वी पुरेशा अवकाशात सांगावी; वैमानिकाने ती परत म्हणावी, आणि न जमणारी असेल तर तेव्हाच तसे सांगावे. ‘अनेबल’ हा शब्द उच्चारणाऱ्या वैमानिकाची त्याच्या कंपनीने वा मनोऱ्याने कधीही झाडाझडती घेऊ नये. नकार देण्याचा अधिकार ज्यास निर्भयपणे वापरता येत नाही, त्याच्या होकारास काही किंमत नसते. दुसरी सूचना वेळापत्रकाविषयी आहे. तासाची संख्या ठरविताना कोरडी पट्टी व स्वच्छ आकाश गृहीत धरू नये. जून ते सप्टेंबर या महिन्यांसाठी निराळा व कमी आकडा असावा. २०२४ च्या आरंभी सरकारने मुंबईतील गर्दीच्या तासाची मर्यादा ४६ वरून ४४ वर आणली, हे योग्यच झाले. पण ऋतूचा विचार त्यात यावयास हवा. तिसरी सूचना नियंत्रकांविषयी. त्यांची संख्या अपुरी आहे व त्यांच्यावर श्रमाचा ताण आहे, याची दखल संसदेच्या समितीनेही २०२५ मध्ये घेतली. मिनिटागणिक अचूक निर्णय घेणाऱ्या माणसाला विश्रांती नाकारणे, म्हणजे प्रवाशांचे प्राण त्याच्या थकव्यावर सोपविणे होय.

चौथी सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जून २०२४ च्या प्रसंगानंतर संबंधित नियंत्रकास कामावरून दूर करण्यात आले. चौकशीपुरते ते आवश्यक असेल. परंतु आपल्याकडे अशा वेळी एक माणूस बाजूला केला की प्रकरण मिटले, अशी समजूत करून घेण्याची खोड आहे. चूक माणसाच्या हातून होते, पण तिला वाट करून देते ती व्यवस्था. दोन विमानांत किती अंतर ठेवण्याचे दडपण होते, पुढचे विमान पट्टीवर किती वेळ होते, पाळी किती तासांची होती, धोक्याचा इशारा देणारी साधने होती काय, या प्रश्नांची उत्तरे देणारा अहवाल प्रत्येक घटनेनंतर ठरावीक मुदतीत आणि संपूर्ण स्वरूपात जनतेपुढे आला पाहिजे. शिक्षेची भीती वाढली की चुका कमी होत नाहीत. त्या लपविल्या जाऊ लागतात. आणि लपविलेली चूक पुढच्या खेपेस प्रेते घेऊन बाहेर येते.

यावर असे म्हटले जाईल की, उड्डाणे कमी केली तर तिकिटे महागतील, विलंब वाढतील, मुंबईच्या व्यापारास धक्का बसेल. हा आक्षेप पोकळ नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्याने या युक्तिवादातील जोर पुष्कळसा ओसरला आहे. नवीन विमानतळ जसजसा भार उचलील, तसतसा जुन्या पट्टीवरील ताण कमी व्हावा, ही त्यामागील अपेक्षा आहे. मोकळे झालेले सेकंद लगेच नव्या उड्डाणांस विकून टाकले, तर एका जागी असलेली टंचाई दोन जागी होईल, इतकेच. त्यांतील काही सेकंद तरी सुरक्षिततेच्या खात्यावर कायमचे जमा राहिले पाहिजेत.

शेवटी एक शब्द वाचकांसाठीही. उतरता उतरता विमान अचानक पुन्हा वर झेपावले, की आपण घाबरतो. पंधरा मिनिटे उशीर झाला, की हवाई कर्मचाऱ्यांवर आवाज चढवितो. विमान थांबण्यापूर्वीच उठून सामान काढणारेही आपणच. वैमानिकाच्या व नियंत्रकाच्या मानेवर जे घाईचे ओझे आहे, त्यातील काही वाटा आपलाही आहे. पुन्हा वर गेलेले विमान ही अपघाताची नांदी नसते; पट्टी मोकळी आहे काय, हा प्रश्न कोणी तरी वेळेवर विचारला आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ऐकले, याची ती पावती असते. टेनेरिफच्या त्या धुक्यातही हा प्रश्न विचारला गेला होता. तो कोणी ऐकला नाही. आपल्याकडे तो ऐकला जातो की नाही, हे ठरविण्याची वेळ आजची आहे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची नव्हे.