काळा अलंकार

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं सत्यनारायणाची पूजा होती. धाकट्या बंधूंची कन्या तयार होऊन माजघरांत आली, तेव्हां सर्वांचीच दृष्टि तिच्या गळ्याकडे गेली. कंठालगत काळ्या मखमलीची पट्टी, तिच्याखालीं काळवंडलेल्या चांदीच्या साखळींत एक अंडाकृति लॉकेट, आणि त्याहीखालीं लोंबणारी काळ्या मण्यांची लांब माळ! आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अग, मंगलकार्याला हें काळें कशाला?" मुलगी हंसून म्हणाली, "काकू, तुमच्या मंगळसूत्रांतले मणी कोणत्या रंगाचे आहेत?" यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं.

या पद्धतीस गॉथिक म्हणतात, असें तिनें सांगितलें. मूळ हें नांव युरोपांतील टोकदार कमानींच्या मध्ययुगीन वास्तुशैलीचें. हॉरेस वॉलपोल याची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी १७६४ मध्यें निघाली, आणि पुढें भग्न किल्ले, ओसाड मठ व अंधारे जिने यांच्या अद्भुतरम्य कथांसही तेंच नांव पडलें. परंतु या काळ्या मण्यांचा उगम शोधूं गेल्यास तो कल्पित कथेंत सांपडत नाहीं. तो एका खऱ्या शोकांत सांपडतो.

इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावर व्हिट्बी नांवाचें गांव आहे. तेथील कड्यावर एका प्राचीन मठाचे भग्नावशेष उभे आहेत. ब्रॅम स्टोकरनें आपल्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरींतील कांहीं प्रसंग येथेंच घडविले. याच परिसरांतील खडकांत जेट नांवाचा काळाभोर पदार्थ मिळतो. दिसण्यांत तो दगडासारखा; परंतु वस्तुतः सुमारें अठरा कोटी वर्षांपूर्वींच्या वृक्षांचें गाडलें गेलेलें तें लांकूड होय. हातीं घेतल्यास तो कांचेसारखा गार लागत नाहीं, आणि वजनाला इतका हलका कीं, जाड मण्यांच्या दोन-तीन लांब माळा एकीखालीं एक घातल्या तरी मान अवघडत नाहीं. झिलई नसलेल्या चिनी मातीवर घांसल्यास खरा जेट तपकिरी रेघ उमटवितो. काळ्या कांचेच्या नकली मण्यांची तशी रेघ उमटत नाहीं.

१४ डिसेंबर १८६१ रोजीं राणी व्हिक्टोरियाचे पति प्रिन्स आल्बर्ट निवर्तले. राणीनें काळीं वस्त्रें धारण केलीं तीं १९०१ मध्यें स्वतःचा अंत होईपर्यंत उतरविलीं नाहींत. दरबारांत जेटचे अलंकार शोकास योग्य ठरले आणि त्यांची मागणी देशभर वाढली. व्हिट्बींत हजाराहून अधिक कारागीर या धंद्यांत राबूं लागले. मृताचे केस जपून ठेवलेलें लॉकेट गळ्यांत घालण्याचीही रीत होती. ही प्रथा निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. पुरुषाचा शोक थोडक्यांत आटोपे, स्त्रीवर मात्र दोन-अडीच वर्षांचें बंधन असे. तथापि तेथील विधवेच्या गळ्यांत कांहींतरी होतें.

हें वाचतांना आम्हांस आमच्या आत्याबाई आठवल्या. चोविसाव्या वर्षीं त्यांस वैधव्य आलें आणि त्याच दिवशीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं त्यांचा गळा मोकळा केला. आमच्या विवाहांत त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. आम्हीं तें पाहिलें. आम्ही त्या वेळीं शाळेंत मुलांस नीतिपाठ शिकवीत होतों, आणि तरीही बोललों नाहीं. त्या गेल्यावर त्यांच्या ट्रंकेच्या तळाशीं कुंकवाच्या रिकाम्या करंड्यांत, चिंधींत बांधलेले सात काळे मणी आम्हांस मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें मंगळसूत्र काढणें, बांगड्या फोडणें या प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्यें केला, तेव्हां तें वृत्त आम्ही दोनदां वाचलें. आत्याबाई तोंवर हयात नव्हत्या.

आतां मुलीस आम्हीं सांगितलें तें वाचकभगिनींसही सांगतों. अनेक माळा घालावयाच्या तर प्रत्येकीच्या लांबींत दोन-तीन अंगुळांचें तरी अंतर असावें, म्हणजे त्या एकमेकींत गुंतत नाहींत. आपल्या आज्यांनीं ठुशी कंठालगत, मोहनमाळ छातीवर असा क्रम राखला तो याच विचारानें. डोळा ठरेल असा एकच मोठा अलंकार ठेवावा; बाकीच्यांनीं त्यास जागा द्यावी. संस्कृतांत 'अलम्' म्हणजे पुरेसें. जें घातल्यानें पुरें वाटतें तो अलंकार. ज्यानें गळा नुसताच भरतो तें ओझें. आणि जें घालावें त्याचा अर्थ आपणांस ठाऊक असावा.

"तुझ्या लॉकेटांत काय आहे?" असें आम्हीं तिला विचारलें. तिनें तें उघडून दाखविलें. आंत कांहींच नव्हतें. मग आम्हीं तो करंडा आणला आणि आत्याबाईंची हकीकत सांगितली. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनें एक मणी मागितला. आम्ही सौभाग्यवतींकडे पाहिलें. त्यांनींच चिंधीची गांठ सोडली.