शिकागोने रस्त्याची कड विकली!

‘अमेरिकेत असे नसते!’ हे वाक्य कानांवर पडले नाही असा आठवडा हल्ली जात नाही. कोणाचा मुलगा तिकडे असतो, कोणाची भाची. इकडे नळाला पाणी आले नाही की हे वाक्य ठरलेले. आणि त्याचा उत्तरार्ध असा, की नगरपालिकांचे कारभार कंपन्यांच्या हवाली करा, म्हणजे सारे लखलखीत होईल! या मंडळींना मी अदबीने शिकागोला नेऊ इच्छितो. विवेकानंदांच्या १८९३ च्या भाषणामुळे हे नाव आपल्याला घरच्यासारखे झालेले आहे. पण मला तिथले सभागृह दाखवायचे नाही. रस्त्याच्या कडेचा एक खांब दाखवायचा आहे.

हा खांब म्हणजे पार्किंग मीटर. मोटार उभी करावी, त्यात नाणे टाकावे, मुदतीत परत यावे. पैसे शहराच्या तिजोरीत जात. असे सुमारे ३६,००० मीटर शहरभर होते आणि बहुतेक वस्त्यांत तासाला पंचवीस सेंट पडत. भाजी घ्यायला, केस कापायला आलेल्या साध्या माणसाला ते जड नव्हते.

डिसेंबर २००८. मंदीचे दिवस, अंदाजपत्रकाला भगदाड पडलेले. महापौर रिचर्ड एम. डेली यांनी २ तारखेला जाहीर केले की, हे मीटर ७५ वर्षांच्या पट्ट्याने एका खासगी कंपनीला द्यायचे. मोबदला सुमारे ११५ कोटी डॉलर. ४ तारखेला नगरसभेने ४० विरुद्ध ५ मतांनी मंजुरी देऊनही टाकली. दोन दिवसांत! आमच्या शाळेत नवी घंटा घ्यायची तर तीन दुकानांची दरपत्रके मागवावी लागतात. कायद्याच्या भाषेत हा पट्टा; ७५ वर्षांच्या पट्ट्याला मी विक्रीच म्हणतो.

२००९ साली शहराचेच महानिरीक्षक डेव्हिड हॉफमन यांनी हिशेब मांडला. शहराने ही मिळकत हाती ठेवली असती तर तिचे मोल मिळालेल्या रकमेहून सुमारे ९७ कोटी डॉलर अधिक होते. आणि मिळाले त्याचे काय झाले? २०११ साली डेली पायउतार झाले तोवर बहुतेक सारी रक्कम अंदाजपत्रकाची भोके बुजवण्यात संपली होती. बी-बियाणे दळून भाकरी खाल्ली म्हणायची!

यावर एक चतुर उत्तर असते. दर वाढवण्याचे धैर्य पुढाऱ्यांना नसते, कंपनीला असते, म्हणून कंपनी बरी. अहो, पण ही दरवाढ करारातच लिहिलेली होती आणि त्या कराराला हात वर केले होते याच पुढाऱ्यांनी! वाढीचा निर्णय लोकप्रतिनिधींचा, उत्पन्न मात्र परक्याचे. २००९ मध्ये शहराच्या मध्यभागी, म्हणजे लूप भागात, तासाला साडेतीन डॉलर झाले. पंचवीस सेंटची चौदा नाणी खिशात वागवायची! मीटर नाण्यांनी तुंबले, बंद पडले. चिडलेल्या लोकांनी काहींची मोडतोडही केली. २०१३ पर्यंत लूपचा दर साडेसहावर आणि पंचवीस सेंटवाल्या वस्त्यांचा दोन डॉलरवर गेला. डेव्हन अव्हेन्यूवर आपली मंडळी डाळ-तांदूळ आणि साड्या घ्यायला जातात, तिथेही हा भुर्दंड आहेच.

पैशाचे दुःख एक वेळ मी गिळीन. खरी लाज पुढे आहे. जत्रेसाठी रस्ता बंद केला, बससाठी किंवा सायकलींसाठी पट्टा आखला आणि त्यात मीटरच्या जागा गेल्या, तर शहराने कंपनीला तेवढीच मोलाची जागा दुसरीकडे द्यावी, नाहीतर भरपाई मोजावी. म्हणजे आपल्याच अंगणात रांगोळी काढायची तर भाडेकरूला दंड भरायचा! डेलींच्या मागून आलेले राम इमॅन्युएल यांनी २०१३ मध्ये वाटाघाटी करून वस्त्यांमधला रविवार फुकट मिळवला, पण त्या बदल्यात संध्याकाळचे वसुलीचे तास वाढले. निवडून आलेला महापौर रविवार मागायला जातो कोणाकडे, तर कंपनीकडे!

आणि हे पहिलेच पाऊल नव्हते. २००५ मध्ये याच डेलींनी शिकागो स्कायवे हा टोलरस्ता ९९ वर्षांसाठी दिला होता, १८३ कोटी डॉलरला. एकदा घरातले भांडे मोडीत घातले की हात सरावतो.

चार वर्षांसाठी निवडून आलेल्या माणसाला ७५ वर्षांची मिळकत देण्याचा अधिकार कोणी दिला, हा माझा प्रश्न आहे. डिसेंबर २००८ मध्ये पाळण्यात असलेले मूल पट्टा संपेल तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले असेल. त्याचे मत कोणी घेतले? त्याच्या आईबापांना कागद वाचायलाही दोन दिवसांहून जास्त वेळ मिळाला नाही.

गुंतवणूकदारांचे मुद्दल २०२२ पर्यंत वसूल होऊन वर नफाही सुरू झाला होता. पट्टा २०८४ पर्यंत आहे.