स्वच्छ ऊर्जेचा उपकर गेला कुठे?



सौरऊर्जेला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोळसा कामगाराची बाजू घेतली की आपल्याला प्रगतीचे शत्रू ठरवायला काही मंडळी टपलेलीच असतात. झरियाच्या जमिनीखाली शंभर वर्षांहून अधिक काळ आग धुमसते आहे. त्या धुरात मुले वाढवणाऱ्याला स्वच्छ हवेचे महत्त्व दिल्लीच्या परिसंवादांनी शिकवायला नको.

२०२१ साली ग्लासगोला सरकारने २०७० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचा शब्द जगाला दिला. धनबाद-झरियाच्या कामगाराला कोणता शब्द दिला?

पैसा नाही, असे कोणी सांगू नये. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ साली जीएसटी आला आणि त्याची जागा राज्यांच्या भरपाईच्या उपकराने घेतली. नाव गेले, वसुली राहिली! सप्टेंबर २०२५ मध्ये तोही उठला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कोळसा खणला कामगाराने. त्याच्या पुनर्वसनासाठी मात्र या पैशात राखीव वाटा नव्हता.

म्हणे नव्या उद्योगात नोकऱ्या मिळतील. कुठे? मोठे सौर प्रकल्प राजस्थानात भडल्याला, कच्छमध्ये खावड्याला, धनबादपासून दीड हजार किलोमीटरवर. उभारणीपुरती मजुरांची गर्दी. नंतर पॅनेल पुसायला आणि पहारा द्यायला थोडी माणसे, तीही बहुधा कंत्राटदाराची.

रेल्वेतील जुन्या साथींना वाफेची इंजिने आठवत असतील. १९७२ साली चित्तरंजनला शेवटचे वाफेचे इंजिन बांधले गेले, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेजवरची वाफ संपली. लोको शेड बंद पडल्या, पण फायरमन डिझेल असिस्टंट झाला. का? तो कायम होता, नवे इंजिनही त्याच मालकाचे होते, आणि मागे युनियन उभी होती. आज खाण सरकारी आणि सौर कंपनी बहुतेक खासगी. शिवाय खुल्या खाणीत डंपर चालवणारा, माती उपसणारा माणूस बहुतांशी कंत्राटी. २०२३ चा अकरावा कोळसा वेतन करार कायम कामगारांचा. हा त्यात नाही. टपालातील साथींना हे वेगळे समजावायला नको. ग्रामीण डाक सेवक काम खात्याचे करतो आणि हक्क मागितला की खात्याबाहेरचा ठरतो, तीच गत.

कोळसा उद्या थांबणार नाही. २०२४-२५ मध्ये देशाचे उत्पादन १०० कोटी टनांपलीकडे गेले. म्हणूनच वेळ आहे. जर्मनीतील रूरच्या खाणी बंद करण्याचे २००७ साली ठरले, शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये मिटली. सक्तीने कोणाला घरी बसवले नाही. अकरा वर्षे आणि सरकारी पैसा, यामुळे ते जमले. झारखंडने २०२२ साली कृती दल नेमले, ठीक. पण कंत्राटी कामगारांची नावनिशीवार नोंदच नसेल तर भरपाई कोणाला देणार?

रेल्वेचा याच्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी २०२३-२४ चा हिशेब पाहावा. सुमारे १५९ कोटी टन माल वाहिला, त्यात जवळपास निम्मा कोळसा. प्रवासी भाड्यातली तूट भरून निघते ती मालगाडीच्या कमाईतून. हे रेक कमी होतील तेव्हा यार्डातली कोणती पदे 'जादा' ठरतील, ते आजच मोजा.

तेव्हा शाखांच्या पुढच्या सभेत दोन ठराव घ्या: कंत्राटी खाण कामगारांची नोंद खाण बंद होण्याआधी व्हावी, आणि कोळशावरील करातून त्यांच्या वेतनाची व प्रशिक्षणाची तरतूद कायद्याने बांधली जावी. ठरावाची प्रत खासदाराकडे स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा.