प्रवाळ घरच्या टाकीत? माझं मत

गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात एकाने विचारलं, "सर, व्हिडिओत लोक घरी प्रवाळ पाळताना दिसतात. आपण प्रयोगशाळेत ठेवूया का?" माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण नुसत्या 'नाही'ने तुमचं समाधान होत नाही, हे मला ठाऊक आहे.

दगडी प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. तो प्राणी आहे. इवलेसे असंख्य जीव एकत्र राहतात आणि पाण्यातलं कॅल्शिअम व कार्बोनेट घेऊन चुनखडीचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. (अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या गटातलं, ते सध्या बाजूला ठेवू.)

आता टाकीचा हिशेब करा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलो! आणि तिथे स्वयंपाकाचं मीठ चालत नाही; कॅल्शिअम, मॅग्नेशिअम सगळं प्रमाणात लागतं. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहतं. मग कमी झालेलं पाणी भरताना कोणतं घालाल, खारं की गोडं? गोडंच, पण वर्गात निम्मे हात चुकीच्या उत्तरासाठी वर आले. लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम असलेलं कॅल्शिअम प्रवाळ रोज थोडं थोडं उचलतं, ते मोजून परत घालावं लागतं. तापमान २५-२६ अंश, रात्रंदिवस. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये चार-चार तास लाईट जाते. तेव्हा काय करणार?

परदेशात काही जण टाकीतच वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा लावून नवीन वाढवतात. त्यांच्या चिकाटीला मी नावं ठेवत नाही. पण भारतात २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या यादीत. ते समुद्रातून काढणं, विकणं हा गुन्हा आहे. दुकानदार "चालतं हो" म्हणाला तरी.

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी मालवणच्या सहलीहून एका मुलीने प्रवाळाचा पांढरा तुकडा आणला होता. मी "शाबास" म्हणालो, चिठ्ठी चिकटवली आणि कपाटात ठेवला. कुठून उचलला, हेसुद्धा विचारलं नाही. मोठी गोलाकार प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. त्या मुठीएवढ्या तुकड्याला किती वर्षं लागली असतील? तो दिसला की मला माझं "शाबास" आठवतं.

मालवणला गेलात तर पाण्यात उतरून प्रवाळ जरूर बघा. फक्त त्यावर पाय टेकवू नका, काही उचलू नका. आणि प्रयोगशाळेत टाकी हवीच असेल तर गोड्या पाण्यातले गप्पी मासे आणू. तापमानाची वही मात्र तुम्ही भरायची, रविवारीसुद्धा.