अजयपूरची आग आणि आपला अप्रमाद

१९ मे २०२२ ची रात्र. बुद्ध पौर्णिमा होऊन तीनच दिवस झाले होते. चंद्रपूर-मूल मार्गावर अजयपूरजवळ इंधनाचा टँकर आणि लाकूड भरलेला ट्रक यांची समोरासमोर टक्कर झाली. क्षणात दोन्ही वाहने पेटली. नऊ माणसे जागीच जळून गेली. त्यांत वाहनचालक होते आणि ट्रकमधील लाकडावर पोट असलेले मजूर होते. अग्निशामक पथक सुमारे तासाभराने पोहोचले आणि आग आटोक्यात यायला आणखी काही तास लागले, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते.

दोन दिवस बातम्या आल्या, नेत्यांनी शोक व्यक्त केला, मग सगळे शांत झाले. मूल, सावली, गडचिरोलीकडचे लोक आजही त्याच रस्त्याने ये-जा करतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या स्मृतीसाठी दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला याच मार्गाने आपली माणसे गाड्या भरभरून दीक्षाभूमीवर जातात. म्हणून अजयपूर हा आमच्यासाठी जुना अपघात नाही. तो न सुटलेला प्रश्न आहे.

पहिला मुद्दा त्या तासाचा. इंधनाची आग तासभर वाट पाहत नाही. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीला धरून सरकते. रस्त्याकडेची नाली, रपट्याखालची पोकळी, धानाची खोलगट बांधी, अशा ठिकाणी साचते. टँकर इथे उलटलेला असतो आणि दूरवर कुणी बिडी पेटवतो किंवा मोटारसायकलला किक मारतो. आग वाफेवरून उलट धावत टँकरपर्यंत येते. म्हणजे पथक येईपर्यंतचा वेळ गावातल्या माणसांच्या हातात असतो. त्या वेळेत काय करायचे हे कुणी शिकवले आहे का?

दुसरा मुद्दा डबक्यांचा. टँकर उलटला की लोक कॅन, बादल्या घेऊन धावतात. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानातील अहमदपूर शर्किया येथे उलटलेल्या टँकरचे पेट्रोल गोळा करताना भडका उडाला आणि २०० हून अधिक माणसे मेली. अशा वेळी शहरातला माणूस 'लोभाची शिक्षा' म्हणून मोकळा होतो. आम्हाला हे मान्य नाही. दोन लिटर तेलासाठी जो धावतो, त्याला त्या दोन लिटरची किंमत ठाऊक असते आणि धोका कुणी सांगितलेला नसतो. अज्ञानाला पाप म्हणणे सोपे आहे. ज्ञान वस्तीपर्यंत नेणे हे आपले काम आहे.

मग काय सांगायचे? आधी अंतर. इंधन सांडले असेल, आग नसेल, तरी किमान ५० मीटर मागे. सांडलेले जास्त असेल तर वाऱ्याच्या दिशेला ३०० मीटरपर्यंत कुणी थांबू नये. टँकरच पेटला असेल तर सर्व बाजूंनी ८०० मीटर. आपण नेहमी वारा पाठीवर घेऊन, उंच जागी उभे राहायचे. दोन्हीकडची वाहतूक थांबवायची, इंजिने बंद करायला सांगायचे, व्हिडिओ काढायला कुणालाही पुढे जाऊ द्यायचे नाही. ११२ किंवा १०१ ला फोन करायचा, तोही दूर जाऊन. टँकरवरच्या फलकावरचा क्रमांक दुरून दिसला तर तो सांगायचा: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल. त्यावरून पथकाला काय घेऊन निघायचे ते कळते.

पाणी मारायचे नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगते, म्हणून बादलीभर पाण्याने आग विझत नाही, पसरते. इथे फेस लागतो. कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी, स्वच्छ कापड आणि १०८. शाई, टूथपेस्ट, हळद काही नाही. जखमीला नेणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीतीही काढून टाकली पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

तिसरा मुद्दा हक्काचा. त्याच कायद्याच्या कलम १६४ नुसार, चूक कुणाची हे सिद्ध न करता, मृताच्या वारसांना ५ लाख आणि गंभीर जखमीला अडीच लाख रुपये मागता येतात. गरीब कुटुंब कागदांच्या भीतीने मागे राहते. तिथे कार्यकर्त्याने सोबत उभे राहिले पाहिजे, आणि लवकर.

प्रशासनालाही विचारले पाहिजे. मूल आणि सावलीच्या अग्निशामक गाडीत फेसाचा साठा किती आहे? प्रशिक्षित माणसे किती? अजयपूरनंतर या मार्गावर काय बदल केले? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज पुरतो आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज गेला तरी चित्र स्पष्ट होईल.

आणि आपल्यापुरते एक काम आजच करता येईल. रस्त्याकाठच्या गावांतील विहारांत वंदनेनंतर अर्धा तास याच विषयाला द्यावा. अग्निशामक जवानाला बोलवावे. दीक्षाभूमीच्या सोहळ्यात सेवा देणाऱ्या स्वयंसेवकांना ऑक्टोबरपूर्वी हे शिकवावे. तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा होता, गाफील न राहण्याचा. तो रोज म्हणणारे आपण अजयपूरच्या रस्त्यावर गाफील राहिलो, तर त्या नऊ जणांच्या मरणातून आपण काहीच शिकलो नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.