मांगूर ओळखणार कोण?

आज 10 जुलै, राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. 1957 मध्ये याच तारखेला ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन साधले. कटला-रोहूच्या बीजासाठी नदी धुंडाळण्याची गरज संपली आणि समुद्र न पाहिलेल्या, बुलढाण्यातल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्यातही शेततळ्यात मासे वाढू लागले. विकत आणलेल्या बीजाच्या पिशवीत नेमके काय आहे, ते मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर राहिले.

आफ्रिकी मांगूर याच वाटेने शिरतो. घाण पाण्यात तग धरतो, हवेतून श्वास घेतो, कोंबडीच्या दुकानातला टाकाऊ माल खाऊन फुगतो आणि देशी माशांची पिल्लेही गिळतो. त्याच्या संवर्धनाला देशात बंदी आहे. हरित लवादाने कान उपटल्यावर राज्यात ठिकठिकाणी त्याची तळी नष्टही झाली. तरी ‘कमी पाणी, जास्त नफा’ म्हणत हीच शेती शिकवणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. बंदीची बातमी त्यांच्याइतकी फिरत नाही.

आता पावसाळा. जुलै 2023 मधल्या अतिवृष्टीत जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पुराने थैमान घातले. तसा पूर आला की तळ्यातला मासा नाल्यात, नाल्यातून पूर्णेत आणि पुढे तापीत. तिथे कुणाचे पंचनामे?

परका मासा आवरायचा कसा, याचा एक धडा परदेशात सापडतो. लायनफिश हा मूळचा हिंद आणि प्रशांत महासागरांतला मासा. 1985 च्या सुमारास तो फ्लोरिडाजवळ दिसला, बहुधा मत्स्यालयातून सुटलेला, आणि बघता बघता कॅरिबियनभर पसरला. पाणबुड्यांनी तो कुठे, कधी दिसला याच्या नोंदी ऑनलाइन टाकल्या. विषारी काटे कसे कापायचे, तो शिजवायचा कसा, हेही एकमेकांना शिकवले. मासा संपला नाही, पण नियमित पकड चालते त्या खडकांवर तो आवरला गेला.

आपल्याकडे भोई बांधवांच्या हाती जाळे आहे आणि फोनही. अडचण वेगळीच आहे. आपला देशी मागूर आफ्रिकी मांगुराचाच भाऊबंद, आणि तो स्वतः संकटात आहे. अर्धवट माहितीचा एक मेसेज फिरला, तर परका राहील बाजूला आणि मारला जाईल घरचाच. म्हणून फोटोला जाणकाराचे उत्तर हवे. मच्छीमार संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मत्स्य विभागाचा अधिकारी असावा, तोही परिपत्रके टाकण्यापुरता नव्हे. जाळ्यात अनोळखी मासा आला की फोटो, गावाचे नाव, तारीख. आणि दोन दिवसांत ओळख. जुन्या जाणत्या भोयांचेही मत त्यात नोंदले जावे, कारण पूर्णेत पूर्वी काय मिळे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक?

बीज सोडण्याचे दिवस आलेच आहेत. घेताना चार बोटुकल्या ताटलीत काढून पाहाव्यात. कटला-रोहू सांगून दिलेल्या पिशवीत लांब मिशांच्या चार जोड्या असलेले पिल्लू निघाले, तर ते तळ्यात न सोडता आधी त्याचा फोटो गटात टाकावा.